ठेंगणी शेळी, पुरी जबाबदारी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ठेंगण्या जातींच्या शेळ्यांबद्दल जे छापून येते त्यात बहुधा एक फोटो असतो, मांडीवर बसलेल्या करडाचा, आणि खाली एक वाक्य: जागा कमी, चारा कमी, दूध घरचे. वाक्य खोटे नाही, पण अर्धे आहे. शेळीची उंची कमी झाली म्हणून तिचे खूर, जंत, माज आणि बाळंतपण कमी होत नाही. काही बाबतींत तर लहान चणीमुळेच धोका वाढतो. उरलेले अर्धे वाक्य वाचकांसमोर यावे म्हणून हे पत्र. ते लांबले आहे. कात्री लावायचीच झाली तर मुतखड्याच्या आणि जंतांच्या भागाला लावू नये, ही विनंती.

आधी ठेंगणी म्हणजे नेमकी कोणती ते सांगतो. जगभर पाळल्या जाणाऱ्या मुख्य जाती दोन, पिग्मी आणि नायजेरियन ड्वार्फ. दोन्हींचे मूळ पश्चिम आफ्रिकेतल्या ठेंगण्या शेळ्यांत आहे. पिग्मी आखूड पायांची, रुंद छातीची, पिंपासारख्या पोटाची. खांद्यापाशी उंची साधारण ४० ते ५८ सेंटिमीटर. नायजेरियन ड्वार्फ मात्र मोठ्या दुधाळ शेळीचीच प्रमाणबद्ध छोटी प्रत. तिच्या नोंदणीत मादीची उंची सुमारे ५७ आणि नराची ६० सेंटिमीटरपर्यंत चालते. पूर्ण वाढलेली शेळी दोन्हींत २५ ते ३५ किलोंची. याखेरीज मोठ्या दुधाळ जातीच्या माद्यांना ठेंगणे बोकड दाखवून केलेले 'मिनी' संकर आहेत. त्यांची उंची दोहोंच्या मध्ये कुठेतरी थांबते आणि ती आधी सांगता येत नाही.

फसवणूक होते ती इथेच. दोन महिन्यांचे कोणतेही करडू लहानच दिसते. 'टीकप' नावाची मान्यताप्राप्त जात नाही. त्या नावाने विकले जाणारे करडू एकतर उपाशी ठेवलेले असते, नाहीतर अपुऱ्या दिवसांचे किंवा जंतांनी खुंटलेले. शेळीची वाढ अडीच-तीन वर्षांपर्यंत चालू राहते, त्यामुळे करडाची उंची पाहून काही कळत नाही. आई-बाप दोघांची उंची समोर उभे करून मोजावी. बाप दाखवत नसतील तर 'ठेंगणी' या शब्दाची किंमत शून्य धरावी.

जात ठरवण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: शेळी कशासाठी? सोबतीला आणि झुडपे खायला हवी असेल तर पिग्मी बरी. दूध हवे असेल तर नायजेरियन ड्वार्फ. चांगल्या वंशाची नायजेरियन शेळी दिवसाला एक ते दोन लिटर दूध देते आणि नीट काढत राहिले तर दहा महिने देते. त्यात स्निग्धांश सहा टक्क्यांच्या आसपास असतो, तर मोठ्या जातींच्या दुधात तो साधारण साडेतीन-चार टक्के. चीज करणाऱ्याला हा फरक चांगलाच मोलाचा. मात्र शेळीच्या दुधातले स्निग्धकण बारीक असल्याने साय आपोआप वर येत नाही. लोणी काढायचे तर यंत्राने मलई वेगळी करावी लागते. पिग्मीच्या दुधातही स्निग्धांश भरपूर, पण दूध थोडे आणि चार ते सहा महिन्यांत आटणारे. दोन्हींचे सड आखूड. मोठ्या जनावराला सरावलेली मूठ इथे चालत नाही, दोन बोटे आणि अंगठ्याने काढावे लागते. म्हणून दुधाची शेळी घेताना आधी तिच्या आईचे सड हातात धरून पाहावेत. शिंगे, रंग, डोळे नंतर.

लहान चणीचे खरे फायदे कोणते? चारा. शेळी रोज वजनाच्या तीन ते चार टक्के कोरडा चारा खाते, म्हणजे तीस किलोच्या शेळीला साधारण एक किलो. साठ-सत्तर किलोच्या दुधाळ शेळीपुढे हा निम्म्याहून कमी. दुसरा फायदा हाताळणीचा. खूर कापायला, औषध पाजायला, गाडीत घालायला एक माणूस पुरतो, आणि धडक बसली तरी सहसा हाड मोडत नाही. तिसरा लेंड्यांचा: कोरड्या, वास कमी, बागेत थेट टाकल्या तरी मुळे जळत नाहीत. चौथा फायदा आयुष्याचा. ठेंगणी शेळी दहा ते पंधरा वर्षे जगते. हौस दोन वर्षांत ओसरणाऱ्याने हाच तोटा समजावा.

जागेबद्दल मात्र सावध. आत निवाऱ्याला एका शेळीमागे दीड ते दोन चौरस मीटर पुरतात हे खरे, पण बाहेर मोकळे अंगण हवेच, आणि शेळी एकटी ठेवता येत नाही. कमीत कमी दोन. एकटी शेळी दिवसभर ओरडते, खाणे टाकते, कुंपण शोधत राहते. कुत्रा किंवा माणूस तिचा कळप होत नाही. त्यामुळे 'एक शेळी' असा हिशेब कागदावरसुद्धा मांडू नये.

कुंपणाला उंचीपेक्षा जाळीचे भोक महत्त्वाचे. सव्वा मीटर उंची बहुतेक ठेंगण्या शेळ्यांना पुरते. पण पंधरा सेंटिमीटरच्या चौकोनात शिंगाळ शेळीचे डोके आत जाते आणि बाहेर येताना शिंगे अडकतात. अशी अडकलेली शेळी उन्हात तासन्‌तास उभी राहते किंवा कुत्र्यांच्या हाती लागते. दहा सेंटिमीटरहून मोठा चौकोन नको, आणि करडे असतील तर खालच्या अर्ध्या मीटरला पाच सेंटिमीटरची जाळी वेगळी बांधावी. वेल्डिंगची जाळी स्वस्त पडते, पण शेळ्या तिच्यावर पुढचे पाय टेकून उभ्या राहतात, अंग घासतात आणि सांधे एकेक करून सुटतात. गाठींची विणलेली जाळी टिकते. खांबांचे तिरके आधार कुंपणाच्या बाहेरच्या बाजूला द्यावेत. आतले आधार म्हणजे करडांना जिना. कुंपणापासून दीड मीटरच्या आत ओंडका, पेटी, पाण्याची टाकी, चाऱ्याची गव्हाण, काहीही ठेवू नये. फाटकाला साधी कडी असेल तर शेळी ती ओठांनी उघडते, त्यामुळे दुसरी अडकण हवी. हे सगळे शेळी बाहेर जाऊ नये यासाठी जेवढे, तेवढेच कुत्री आत येऊ नयेत यासाठी. ठेंगण्या शेळीला पळून किंवा लढून वाचण्याची ताकद नसते, आणि मोकाट कुत्र्यांइतकेच शेजारचे पाळलेले कुत्रेही तिला मारते.

निवारा कोरडा हवा, वाऱ्याचा झोत अंगावर येणारा नको, पण छताजवळ हवा खेळती हवी. उभ्या माणसाच्या नाकाला गोठा स्वच्छ वाटतो. गुडघ्यावर बसून श्वास घ्यावा. अमोनियाने डोळे चुरचुरले तर शेळी रात्रभर तेच ओढते आहे, आणि करडांचा न्यूमोनिया तिथूनच सुरू होतो. गव्हाण जमिनीपासून उंच ठेवावी, कारण खाली पडलेला चारा शेळी खात नाही, तुडवते. मोठ्या भोकांच्या जाळीच्या पिशवीत चारा टांगू नये. करडाचा पाय किंवा शिंग अडकून गळफास बसतो.

गवत कापण्याचे यंत्र म्हणून शेळी आणणाऱ्यांची निराशा ठरलेली. शेळी पाला ओरबाडणारी. हिरवळ तशीच राहते आणि फळझाडांच्या साली जातात. झाड वाचवायचे तर खोडापासून हातभर अंतर सोडून, शेळी मागच्या पायांवर उभी राहिली तरी पोचणार नाही इतक्या उंचीची जाळी लावावी. कण्हेर, घाणेरी, ऱ्होडोडेंड्रॉन आणि यू ही झाडे आवारात असू नयेत. कण्हेरीची थोडी पाने पुरेशी होतात, वाळलेलीसुद्धा. चेरी-प्लमच्या कुळातल्या झाडांची कोमेजलेली पाने ताज्यांहून घातक, कारण कोमेजताना त्यांत सायनाइड सुटते. वादळात मोडलेली फांदी आधी उचलावी, शेळ्या मग सोडाव्यात.

आता मुतखडा. सोबतीसाठी शेळी घेणाऱ्यांना सल्ला मिळतो तो खच्ची केलेले दोन बोकड घेण्याचा. सल्ला योग्यच आहे. ते शांत असतात, वास मारत नाहीत, माज नाही, बाळंतपण नाही. पण त्यांचा सगळ्यात मोठा शत्रू त्याच वेळी सांगितला जात नाही. बोकडाची मूत्रनळी लांब, मध्ये 'एस' अक्षरासारखे वळण, आणि टोकाला दोऱ्याएवढी बारीक शेपटी. खडा अडकतो तो या दोन जागी. नळीची जाडी नरसंप्रेरकावर वाढते. करडू चार आठवड्यांचे असतानाच खच्ची केले तर ती वाढ खुंटते, आणि ठेंगण्या जातीत नळी मुळातच अरुंद. म्हणून खच्चीकरण तीन महिन्यांनंतर, जमल्यास पाचव्या महिन्याच्या सुमारास करावे. यात एक पेच आहे: ठेंगण्या जातीचा बोकड सात-आठ आठवड्यांतच गाभ घालू शकतो. मग थांबायचे तर त्याला आई-बहिणींपासून वेगळा बंदोबस्त हवा, तोही दोन करडांचा, कारण एकटे ठेवता येत नाही.

खडा होतो कशाने? धान्याने. धान्यात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नाममात्र. शेळी भरपूर सुका चारा चघळते तेव्हा लाळ सुटते आणि जादा फॉस्फरस लाळेवाटे आतड्यात जाऊन लेंड्यांतून निघतो. चारा कमी आणि खुराक, म्हणजे दाणा, जास्त झाला की लाळ घटते, फॉस्फरस लघवीत उतरतो आणि वाळूसारखे खडे जमतात. म्हणून काम नसलेल्या खच्ची बोकडाला धान्य, पाव, बिस्किटे शून्य. मुलांनी प्रेमाने रोज मूठभर दिलेला दाणा हेच बहुतेक वेळा कारण असते. चांगले सुके गवत, झुडपांचा पाला, शेळ्यांसाठीचे खनिज मिश्रण, मीठ आणि स्वच्छ पाणी, एवढाच त्याचा आहार. एकूण आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुपटीएवढे असावे. लसूणघासात कॅल्शियम खूप, पण म्हणून तोच भरवत राहिले तर कॅल्शियमचे खडे होतात. मीठ दिले की पाणी जास्त प्यायले जाते, लघवी पातळ राहते. थंडीत बर्फासारख्या पाण्याला शेळी तोंड लावत नाही, तेव्हा कोमट पाणी ठेवावे. घाण झालेले पाणीही ती पीत नाही, बादलीत एक लेंडी पडली तरी. लघवी आम्ल करण्यासाठी खुराकात अर्धा ते एक टक्का अमोनियम क्लोराइड घालतात. ते पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच, आणि कॅल्शियमच्या खड्यांवर त्याचा भरवसा धरू नये.

लक्षणे ओळखण्यात नेहमीची चूक होते. बोकड कुंथतो, शेपटी वरखाली हलवतो, मागचे पाय ताणून उभा राहतो, दात खातो. पाहणाऱ्याला वाटते बद्धकोष्ठ, आणि तेल पाजले जाते. लघवी धारेने होते आहे का, हे आधी पाहावे. थेंबथेंब येत असेल, टोकाच्या केसांवर खडीसाखरेसारखे कण चिकटले असतील, तर उद्याची वाट पाहू नये. नळी पूर्ण बंद झाल्यावर एक-दोन दिवसांत मूत्राशय किंवा नळी फुटते. फुटल्यावर वेदना थांबतात आणि बोकड बरा वाटतो. ती फसवी सुधारणा आहे. वेळेत पोचल्यास पशुवैद्यक भूल देऊन टोकाची शेपटी कापतो आणि खडा तिथेच असेल तर वाट मोकळी होते. खडा वळणात असेल तर शस्त्रक्रिया, आणि तिचाही भरवसा कमी.

जंतांचा हिशेब लहान अंगाला जास्त कडक पडतो. शेळीच्या चौथ्या पोटात राहणारा हिमोंकस हा रक्तपित्या जंत. एक पूर्ण वाढलेला जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त घटवतो, म्हणजे हजार जंत दिवसाला ५० मिलिलिटर. शेळीच्या अंगात किलोमागे अंदाजे ७० मिलिलिटर रक्त असते. दहा किलोच्या करडाचे सगळे रक्त ७०० मिलिलिटर. त्यातले सात टक्के रोज जाते. साठ किलोच्या शेळीला हेच जंत अंगावर काढता येतात, करडू आठवड्या-दोन आठवड्यांत आडवे होते. आणि या जंताने हगवण लागत नाही, म्हणून लेंड्या नीट दिसत असताना शेळी मरते. खुणा दुसऱ्या: खालच्या पापणीचा आतला भाग फिकट, जबड्याखाली पाण्याची गाठ, कळपाच्या मागे रेंगाळणे.

पापणीचा रंग पाहण्यासाठी दक्षिण आफ्रिकेत तयार झालेला 'फामाचा' नावाचा रंगतक्ता वापरतात. एक म्हणजे लालभडक, पाच म्हणजे कागदासारखा पांढरा. पापणी बोटाने हलकेच दाबून खाली ओढायची, उजेडात एका नजरेत पाहायची; धरून ठेवली तर रंग बदलतो. पावसाळी, उबदार दिवसांत दर दोन आठवड्यांनी. चार आणि पाचला औषध द्यायचेच. तीनला करडू, गाभण किंवा अशक्त शेळी असेल तर द्यायचे. एक-दोनला द्यायचे नाही. सगळ्यांना ठरावीक तारखेला सरसकट जंतनाशक पाजण्याची पद्धत फार घरांत चालते आणि तीच औषधे निकामी करते, कारण औषधाला दाद न देणारे जंत तेवढे मागे उरतात. औषधानंतर दहा ते चौदा दिवसांनी लेंड्या तपासून अंडी मोजावीत. आधीपेक्षा पंच्याण्णव टक्के घट नसेल तर त्या औषधाने तुमच्या कळपात काम थांबवले आहे.

मात्रा डोळ्यांनी ठरवू नये. वजनकाटा नसला तर फितीने काढता येते: पुढच्या पायांमागून छातीचा घेर, आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले १०,८४०, उत्तर किलोत. घेर ७० आणि लांबी ५५ असेल तर सुमारे २५ किलो. गाभण पिग्मीत हे गणित थोडे चुकते, हे ध्यानात असू द्यावे. शेळीच्या शरीरात जंतनाशके मेंढीपेक्षा लवकर निघून जातात, म्हणून बाटलीवर छापलेली मेंढीची मात्रा बहुतेक औषधांत अपुरी पडते. पण लेव्हामिसोलसारख्या औषधात योग्य मात्रा आणि विषबाधा यांतले अंतर कमी आहे, आणि अल्बेंडाझोल गाभण राहिल्यावर पहिला महिना देत नाहीत. तेव्हा आकडा पशुवैद्यकाकडूनच घ्यावा. औषधाविना होण्यासारखे काम हे: गवत दहा सेंटिमीटरपेक्षा आखूड झाले की शेळ्या तिथून काढाव्यात, कारण जंतांच्या अळ्या गवताच्या बुडाशी असतात. चारा उंचावर द्यावा. करडांना तीन आठवड्यांपासून पाच महिन्यांपर्यंत कॉक्सिडिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीची हगवण छळते. तिला जमीन कोरडी ठेवणे हा निम्मा इलाज.

दूध हवे तर शेळी व्यायलाच हवी, आणि व्याली की करडे आली. हा हिशेब मांडायला लोक विसरतात. ठेंगण्या शेळ्यांत जुळी सर्रास, तिळी नेहमीची, चार करडेही होतात. दोन शेळ्या वर्षाकाठी चार ते सहा करडे देणार, त्यांत निम्मे बोकड. नोंदणीचा उत्तम वंश सोडला तर त्या बोकडांना ठेंगणे म्हणून मागणी नसते, मांसाला अंग नसते. ते कुठे जाणार, याचे उत्तर शेळीला बोकड दाखवण्याआधी हाती हवे.

या जाती बारमाही माजावर येतात, दर अठरा ते चोवीस दिवसांनी. माज एक-दीड दिवस टिकतो आणि तेवढा वेळ काही शेळ्या घसा बसेपर्यंत ओरडतात. शेजाऱ्यांच्या तक्रारीचे पहिले कारण हे. तीन-चार महिन्यांच्या पाटीही (मादी करडेही) माजावर येतात, पण त्यांना गाभण राहू देणे म्हणजे त्यांचा जीव धोक्यात घालणे. वर्षाची आणि मोठ्या शेळीच्या साधारण दोनतृतीयांश वजनाची होईपर्यंत थांबावे. पिग्मीला आणखी काही महिने दिले तर उत्तम, कारण पिग्मीचे करडू डोक्याने मोठे आणि कमरेचा मार्ग अरुंद. मोठ्या जातीचा बोकड ठेंगण्या मादीला कधीच दाखवू नये. उलटे चालते.

स्वतःचा बोकड ठेवू नये हे माझे स्पष्ट मत. तो स्वतःच्या दाढीवर आणि तोंडावर मुततो, शिंगांमागच्या ग्रंथींचा वास कपड्यांत बसतो, आणि दूध काढणाऱ्याच्या हातावाटे तो वास दुधाला लागतो. दोन शेळ्यांसाठी वर्षभर वेगळे कुंपण, वेगळा सोबती आणि वेगळी गव्हाण सांभाळण्यापेक्षा तपासणी झालेला बाहेरचा बोकड माजाच्या दिवशी गाठणे स्वस्त.

गाभणकाळ १४५ ते १५० दिवस. शेवटचे सहा आठवडे कसोटीचे. पोटात तीन करडे असली की कोठीपोटाला जागा उरत नाही, शेळी पुरेसे खाऊ शकत नाही आणि अंगातली चरबी वितळू लागते. लठ्ठ शेळीत हे आणखी लवकर. खुराक टाकणे, कोपऱ्यात उभे राहणे, पाय सुजणे, श्वासाला गोडसर वास ही गर्भविषबाधेची चिन्हे. त्या दिवशीच इलाज हवा. म्हणून गाभण राहण्याआधी शेळी लठ्ठ नको, आणि या सहा आठवड्यांत खुराक शून्यावरून हळूहळू वाढवत रोज २०० ते ४०० ग्रॅमपर्यंत न्यावा, दोन वेळांत वाटून. एकदम घातला तर पोट आम्ल होऊन दुसरेच संकट. दाण्याच्या पिंपाचे झाकणही असे हवे की शेळीने पाडले तरी उघडणार नाही. पोटभर धान्य खाल्लेली ठेंगणी शेळी मोठीपेक्षा लवकर दगावते.

व्यायला लागल्यावर शेळी जोराने कळा देत असताना अर्ध्या तासात काहीच पुढे सरकले नाही तर मदत बोलवावी. ठेंगण्या शेळीत माणसाचा मोठा हात आत जात नाही, जबरदस्तीने गर्भाशय फाटते. लहान हाताचा अनुभवी माणूस कोण, हे आधी ठरवून ठेवावे. दोन खूर आणि त्यांवर नाक दिसले तर वाट पाहावी, नुसती शेपटी किंवा एकच पाय दिसला तर नाही. वार बारा तासांत पडायला हवी, ओढू नये. करडाची नाळ आयोडिनमध्ये बुडवावी. चीक पहिल्या दोन तासांत पोटात जायला हवा, आणि चोवीस तासांत वजनाच्या दहा टक्के: सव्वा किलोच्या करडाला १२५ मिलिलिटर, चार-पाच वेळांत. गार पडलेल्या करडाला आधी ऊब, मग चीक. गुदाचे तापमान ३८ अंशांच्या खाली असताना पाजलेले दूध पचत नाही, फुफ्फुसात जाण्याची भीती मात्र असते. जन्मतः ठेंगणे करडू सव्वा-दीड किलोचे असल्याने मोठ्या जातीच्या करडापेक्षा फार लवकर गार पडते.

शिंगे ठेवायची की जाळायची, हा निर्णय चौथ्या ते दहाव्या दिवसात घ्यावा लागतो. करडाची कवटी वासरापेक्षा पातळ. तापलेले लोखंड काही सेकंद जास्त टेकले तर मेंदू भाजतो. काम पशुवैद्यकाकडून, भूल देऊन. भूलही मोजून, कारण दोन किलोच्या करडाला लिग्नोकेनचे एक टक्क्याचे द्रावण एक मिलिलिटरच्या पुढे जाऊ देत नाहीत. घरी जाळायचे साधन विकत आणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. मोठेपणी शिंगे कापली तर कवटीतल्या पोकळ्या उघड्या पडतात. जन्मजात बिनशिंगी शेळ्याही असतात, पण बिनशिंगी नर आणि बिनशिंगी मादी एकत्र आणू नयेत. त्या संकरातल्या काही पाटी उभयलिंगी आणि वांझ निघतात. कळपात एकतर सगळ्या शिंगाळ नाहीतर सगळ्या बिनशिंगी.

खूर सहा ते आठ आठवड्यांनी. आधी आतली घाण काढायची, मग बाहेरून आत वळलेली कड कापायची, मग टाच, आणि तळ वरच्या केसांच्या रेषेला समांतर आला की थांबायचे. गुलाबी झाक दिसली की एक कापही जास्त नको. शेळी लहान असल्याने ताकद कमी लागते, पण कंबर दुप्पट वाकते. चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर उंचीचा लाकडी कट्टा आणि मान अडकवायची चौकट केली तर खूर, दूध आणि लस तिन्ही तिथेच होतात.

लसींत आंत्रविषार (आतड्यातल्या जंतूंच्या विषाने होणारा रोग) आणि धनुर्वात या दोन कुठेही चुकवू नयेत: पाचव्या-सहाव्या आठवड्यात पहिली, तीन-चार आठवड्यांनी दुसरी, मग दरवर्षी, आणि गाभण शेळीला व्यायच्या चार ते सहा आठवडे आधी, म्हणजे चिकातून करडाला संरक्षण मिळते. बाकीच्या लसी त्या भागातल्या रोगांवर अवलंबून. मेंढीचे खनिज मिश्रण शेळीला देऊ नये. मेंढीला तांबे विष होते म्हणून त्यात ते घालत नाहीत, शेळीला तेच लागते. काळ्या केसांना तांबूस झाक आणि शेपटीच्या टोकाचे केस विरळ होऊन माशाच्या शेपटीसारखी दुफळी दिसली तर तांब्याची कमतरता तपासावी.

घरातल्या माणसांसाठी दोन सूचना. गर्भवती स्त्रीने व्यायणाऱ्या शेळीजवळ, वारेजवळ, तिथल्या ओल्या गवताजवळ जाऊ नये. क्यू फीवर (जनावरांकडून माणसाला लागणारा एक ताप) आणि गर्भपात घडवणारे काही जंतू तिथूनच लागतात. आणि दूध कच्चे पिऊ नये: ६३ अंशांवर ३० मिनिटे किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद.

शेळी घेण्यापूर्वी आपल्या भागात शेळी तपासणारा पशुवैद्यक आहे का हे विचारून घ्यावे. कुत्र्या-मांजरांचे दवाखाने पुष्कळ, पण तिथला प्रत्येक जण शेळी हाती घेतोच असे नाही. पशुधन ठेवायला राहत्या वस्तीत परवानगी आहे का, हेही लेखी विचारावे. नियमात 'शेळी' असे लिहिलेले असते, 'लहान शेळी' असे नव्हे. विकणाऱ्याकडे सीएई (सांधे धरणारा विषाणूरोग), जोन्स (आतड्यांचा जुनाट रोग) आणि गाठींचा रोग यांच्या तपासणीचे कागद मागावेत, जबड्याखाली आणि खांद्यापुढे हात फिरवून गाठ आहे का पाहावे, आठ आठवड्यांच्या आतले करडू घेऊ नये, आणि आणलेली शेळी आधीच्या कळपापासून तीस दिवस वेगळी ठेवावी. पहिल्यांदा पाळणाऱ्याने सुरुवात दोन खच्ची बोकडांनी करावी, उशिरा खच्ची केलेल्या, एकाच घरात वाढलेल्या. दुधाच्या माद्यांचा विचार एक वर्ष खूर कापून आणि पापण्या पाहून झाल्यावर.

आपण या विषयावर पुन्हा काही छापाल तेव्हा करडाच्या फोटोशेजारी त्याच्या आई-बापाची उंची आणि वजनही छापावे.

कळावे,
आपला नम्र,
एक शेळीपालक वाचक